उलट टपाली कळवावे

३ जून, सोमवार

आज टपालाने आले : महिला महाविद्यालयाचे माहितीपत्रक एक. अर्जाचे कोरे नमुने दोन — मागितला होता एकच. खर्च : तिकिटे दोन, पाकीट एक, आणि माझी सगळी दुपार.

माझ्यासाठी नाही हो! धाकट्या जावेसाठी. भावजींच्या डोक्यात आले आहे की बायकोला शिकवायचे. "वहिनी, उद्या ती शाळेत शिकवायला लागली तर घराला बरंच की." घराला बरे! आणि मी अकरा वर्षे या चुलीपुढे उभी आहे ती काय हौसेने?

महाविद्यालय लहानसेच दिसते. दुमजली घर, मागे बाग, सगळ्या मिळून चाळीस जणी. लग्न झालेल्याही चालतात. मॅट्रिक पास असली की झाले. अर्जासोबत एक पान लिहायचे — "मला का शिकायचे आहे". आलेले प्रत्येक पान मुख्य बाई स्वतः वाचतात. खाली जाड टाइपात छापले आहे : हे पान अर्जदाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरातच असावे.

धाकटी मॅट्रिक झाली दुसऱ्या खेपेला. मी पहिल्या. वर्गात चौथी आले होते. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाही.

जास्तीचा नमुना परत पाठवायचा तर पुन्हा तिकीट. पोथीत खूण म्हणून ठेवला. कागद चांगला जाड आहे.

५ जून, बुधवार

धाकटी कागद घेऊन स्वयंपाकघरात. "ताई, तुम्हीच लिहा ना ते पान. माझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेलीय."

म्हटले, "स्वतःचं हस्ताक्षर मागितलंय त्यांनी."

"मग माझा हात धरून लिहा!" — आणि हसत सुटली. हिला हसायला कारण लागत नाही.

मी नाहीच म्हणणार होते. पण बाहेरच्या खोलीतून सासूबाई — "लिही की गं! तुझे वडील जन्मभर लोकांचे अर्जच तर लिहीत होते."

हो, लिहीत होते. कचेरीच्या दाराशी, पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून. मी शेजारी बसून शाई वाळवायची. "अर्जात रडायचं नाही पोरी, काय हवं ते मागायचं." डावीकडे दोन बोटे समास. कागदाला तीन घड्या. आणि शेवटी न चुकता : उलट टपाली कळवावे ही विनंती. आठ वर्षांची असल्यापासून माझ्या हाताला ते वळण आहे. दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी खाली तेच येते! हे चेष्टा करतात — "दूधवाला दूध टपालानं पाठवतो का गं?"

लिहिते म्हटले.

६ जून, गुरुवार

आधी तिला विचारले, "तुला का शिकायचंय?"

"हे म्हणतात म्हणून. आणि खरं सांगू ताई? घरात बसून बसून कंटाळा येतो."

एवढ्यावर पान काही भरत नाही.

मग भाजी चिरून झाल्यावर मीच बसले. लिहायला लागले आणि हात थांबेना. लिहिले — "मी बाजारातून आलेल्या पुडीचा कागद टाकण्याआधी वाचते. पुडीवर गोष्ट नेहमी अर्धीच असते. उरलेली अर्धी कुठे असते, ते मला शिकायचे आहे." आणखीही पुष्कळ लिहिले. सगळे पान मी, मी आणि मी. त्यातली मी कोण ते देवाला ठाऊक.

धाकटीने वाचले. दोन वेळा वाचले. या खेपेला हसली नाही. म्हणाली, "ताई, हे असं मला कधी सुचलं नसतं." खाली आपली सही ठोकली.

तीन घड्या घालून मीच पाकीट बंद केले.

२१ जून, शुक्रवार

प्रवेश मिळाला.

भावजी मिठाई घेऊन आले. सासूबाईंनी देवापुढे ठेवून सगळ्यांना वाटली. मला आज उपवास आहे म्हटले. नव्हता.

रात्री ह्यांना वाढताना म्हणाले, "मलाही कुणी विचारलं असतं तर…"

हे ताटातून मान वर न करता — "तू कधी म्हणालीस?"

मग पाणी मागितले.

खरेच, कधी म्हणाले? आठवून पाहिले. एकदाही नाही. पण म्हणायला का लागावे? भाजीत मीठ कमी पडले की ते ह्यांना न सांगता कळते!

१ जुलै, सोमवार

गेली. माझी चांगली पिशवी घेऊन गेली. विचारून नेली हे खरे. नाही कसे म्हणणार?

तिच्या वाटणीचे कपडे, तिच्या वाटणीची भांडी, सासूबाईंचे पाय चेपणे — सगळे माझ्याकडे आले. कुणी दे म्हटले नाही, कुणी घे म्हटले नाही. आपले आपण आले.

संध्याकाळी येऊन सांगत बसली. वर्गात खिडक्या दोन्ही बाजूंना आहेत. शेजारी बसणारी परिचारिका आहे, रात्रपाळी करून येते आणि डुलक्या काढते. मुख्य बाई बुटक्या आहेत, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत असतात. सासूबाई पोट धरून हसल्या. मी काय कामाचे सांगणार? डाळ किडली होती, ती निवडली.

४ जुलै, गुरुवार

आज दुपारी तिच्या कोनाड्यातले इतिहासाचे पुस्तक काढले. हात धुऊन काढले — डाग पडला तर कळेल. चोरासारखी दाराकडे पाठ करून वाचले.

९ जुलै, मंगळवार

बाराव्या पानापुढे तिच्या पुस्तकाला हात लागलेला दिसत नाही. मी चाळिसाव्यावर आहे.

आज जेवताना भावजींना राजे उलटे सांगत होती, बापाच्या आधी मुलगा. मी ओठ दाबून वाढत राहिले. मला कसे माहीत, हे काय सांगणार?

१२ जुलै, शुक्रवार

धापा टाकत आली. चपला काढायच्या आधी, दारातच — "ताई! मुख्य बाईंनी माझा निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला! ती पुडीची गोष्ट आली ना, तेव्हा परिचारिका जागी होती. डोळे पुसत होती!"

माझा निबंध. माझा!

शेजारच्या शिंपीणबाई मापे घ्यायला आल्या होत्या. सासूबाई लगेच त्यांना — "आमच्या धाकटीला पहिल्यापासूनच डोकं हो." मी चहा घेऊन उभी. सासूबाईंना ठाऊक आहे कुणी लिहिला ते. त्यांनीच लिही म्हटले होते! विसरल्या की काय? की लक्षात ठेवण्यासारखे ते नव्हतेच?

धाकटीने माझ्याकडे पाहिले. काहीतरी बोलणार होती. मी कप ठेवून आत आले.

१३ जुलै, शनिवार

जपाला बसले. एकशे आठ मणी ओढले. त्यातला एकही देवाचा नव्हता.

१६ जुलै, मंगळवार

आज केले ते लिहितेच. इथे लपवून कुणापासून लपवू?

सासूबाई झोपल्यावर साधा कागद घेतला. डाव्या हाताने लिहिले. अक्षर लहान मुलासारखे वाकडे आले. बरे झाले, वाटले. लिहिले की आपल्या महाविद्यालयात या वर्षी आलेल्या अमुक विद्यार्थिनीने स्वतःचे पान स्वतः लिहिलेले नाही, दुसऱ्याकडून लिहून घेतले आहे. आपल्या नियमाविरुद्ध आहे. तिच्याकडून समोर बसवून लिहून घ्यावे म्हणजे खरे काय ते दिसेल. नाव घातले नाही.

खोटे एक अक्षर नाही त्यात. मग पत्ता लिहिताना हात दोनदा का चुकला? डावा आहे म्हणून, दुसरे काय.

१७ जुलै, बुधवार

भाजीला जाताना कोपऱ्यावरच्या पेटीत टाकले. आत पडल्याचा आवाज आला. घरी येऊन स्वयंपाक नीट केला. एक प्रकारे हलके वाटत होते.

धाकटी पाचला आली. आज पळत नव्हती. स्वयंपाकघरात येऊन दार लोटले आणि पदराआडून लांबट खोका काढला. आत शाईचे पेन. काळे, टोपणाला सोनेरी कडी. प्रवेशाच्या सगळ्या पानांत उत्तम पान ठरले, त्याचे बक्षीस. सगळ्यांपुढे दिले म्हणे.

"घ्या," म्हणाली.

"मला काय करायचंय?"

"अहो ताई, तुमचंच आहे. लिहिलं तुम्ही, पेन मी मिरवू? शुक्रवारपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीय. त्या दिवशी शिंपीणबाईंपुढे बोलणार होते तर तुम्ही निघून गेलात. जिभेवर आलेलं तसंच राहिलं. आता घ्या बघू, नाहीतर या दुधात बुडवीन!"

पेन माझ्या मुठीत कोंबले आणि गेली कपडे बदलायला.

दूध उतू गेले. आज अकरा वर्षांत पहिल्यांदा.

१८ जुलै, गुरुवार

सकाळी नऊला पेटी उघडतात. पावणेनऊपासून उभी होते. हातात रिकामी पिशवी, म्हणजे बाजाराला निघाल्यासारखे दिसावे.

टपालवाला आला. म्हटले, "भाऊ, माझं एक पत्र चुकून पडलंय. परत द्याल?"

"पेटीत पडलं ते खात्याचं झालं बाई." मग तोंड बघून म्हणाला, "बरं, पाठवणाऱ्याचं नाव सांगा. बघतो."

"नाव… घातलेलं नाही."

"मग ते तुमचं कशावरून?"

गठ्ठा बांधला, पिशवीत टाकला, सायकलवर टांग मारून गेला. मी तिथेच उभी. बांधताना गठ्ठ्यात सगळ्यात वर माझे पाकीट मला दिसले होते. डाव्या हाताचे, वाकडे. माझे आहे म्हणायला तोंड नव्हते.

येताना भाजी आणायची राहिली.

२० जुलै, शनिवार

काही नाही. धाकटी गेली, आली. कविता पाठ करते आहे. चुकली की मी आतून पुढची ओळ सांगते. "ताई, तुम्हाला कसं येतं?" म्हटले, ऐकून ऐकून.

पेन पोथीजवळ ठेवले आहे. उघडलेले नाही.

२२ जुलै, सोमवार

आज झाले.

दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. धाकटी चादरीचे एक टोक धरून, मी दुसरे. मध्येच म्हणाली, "मुख्य बाईंनी बोलावलं होतं आज."

मी चादर घट्ट धरली.

"कुणी तरी निनावी पत्र टाकलंय. माझं पान दुसऱ्यानं लिहिलंय म्हणून."

"कुणी?"

"नाव नाही ना! डाव्या हातानं लिहिल्यासारखं आहे. पण ताई, गंमत ऐका. खाली काय लिहिलंय माहीत आहे? — उलट टपाली कळवावे ही विनंती! नाव नाही, पत्ता नाही. बाई चष्मा शोधत म्हणतात, अगं पण कळवू कुणाला?"

आणि हसली. मी ते लिहिले होते? लिहिलेच असणार. हात डावा घेतला, पण वळण वडिलांचेच.

"मग बाईंनी माझा अर्ज काढून शेजारी ठेवला. दोन्हीकडे दोन बोटं समास. दोन्हीला तीन घड्या. खाली तेच वाक्य. म्हणाल्या, ज्यानं तुला लिहून दिलं त्यानंच हे धाडलंय. कोण आहे ते शुक्रवारपर्यंत सांग. नाही सांगितलंस तर नाव कमी करावं लागेल."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पान मीच लिहिलं."

"आणि ते पत्र?"

"तेही मीच लिहिलं म्हटलं!" पुन्हा हसली. "बाईंनी कागद पुढे सरकवला. लिही एक ओळ. लिहिली. बाई त्या ओळीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. कोंबडी हो, दुसरं काय!"

चादरीची घडी घालायला दोघी जवळ आलो. टोकाला टोक लावताना तिचा हात माझ्या हाताला लागला. माझ्या तोंडाकडे तिने पाहिले नाही. घडीकडेच बघत म्हणाली, "घरात कुणाला बोलू नका हं ताई. सासूबाईंना तर मुळीच नको. उगाच कोण, कोण करत बसतील."

या घरात धोब्याच्या यादीपासून घरमालकाच्या पत्रापर्यंत सगळे कागद मी लिहिते. सगळ्यांच्या खाली तेच वाक्य. तिला कळले नाही असे मी कशी म्हणू?

रागावली असती तर बरे झाले असते. चार शब्द बोलली असती तर मीही चार बोलले असते. हे असे झाकणे! यातही तीच वर!

— हे शेवटचे वाक्य खोडणार होते. राहू दे. मनात आले ते आले.

२३ जुलै, मंगळवार

सकाळी दिवा लावला. देवाला म्हटले, तूच काहीतरी कर. मग वाटले, पेटीत पत्र टाकताना मी देवाला विचारले होते का?

दुपारी पुस्तकासाठी तिच्या खोलीत गेले — सवय! — तर धाकटी घरातच. डोके दुखते म्हणून लवकर आली होती. जमिनीवर पालथी पडून लिहीत होती. समोर माझी दूधवाल्याची जुनी चिठ्ठी. तिच्यावर बघून बघून अक्षरे गिरवत होती. पाने भरली होती. समास दोन बोटे, सरळ. अक्षर मात्र अजून कोंबडीचेच. फार तर जरा थकलेल्या कोंबडीचे.

मला पाहून चिठ्ठीवर हात ठेवला.

"शुक्रवारी बाई पुन्हा लिहायला लावतील," म्हणाली. "तोवर जमलं तर जमलं."

"तीन दिवसांत अक्षर बदलतं होय गं?"

"नाही बदलत." पेन्सिलीचे टोक बघत बसली. मग — "सुरुवातीला हे म्हणतात म्हणून जात होते, ताई. आता कुठे कळायला लागलं होतं. काल मी पहिल्यांदा वर्गात हात वर केला."

"बरोबर आलं?"

"चुकलं. पण केला."

इतिहासाचे पुस्तक उशाशी उघडे होते. वाकून पाहिले. सत्तावन्नावे पान. मी अडुसष्टावर आहे. मला पहिल्यांदा वाटले, हिने मला गाठावे. मग दोघींनी पुढे जावे.

तिला म्हणाले, "माझं नाव सांगून टाक."

"कसलं नाव?" म्हणाली, आणि पुन्हा गिरवायला लागली.

एवढे सोपे तोंड करून खोटे कसे बोलता येते, ते हिच्याकडून शिकावे. पण सांगणार नाही ती. शुक्रवारी नाव घालवून घरी येईल, आणि शिंपीणबाईंना हसत सांगेल की मलाच झेपलं नाही हो.

२४ जुलै, बुधवार

घरात दुसरा कागद नव्हता असे नाही. पण पोथीतला कोरा नमुनाच काढला. मागची बाजू मोकळी होती. तिने दिलेल्या पेनने लिहिले, उजव्या हाताने. आज टाकले की शुक्रवारपर्यंत पोचेल. उत्तर या पत्त्यावर येईल आणि टपाल भावजी घेतात, सासूबाईंपुढे फोडतात. येऊ दे. नक्कल ठेवते :

"मुख्य बाईंस नमस्कार. ते पान मी लिहिले. ते निनावी पत्रही मीच लिहिले. पत्र मत्सराने लिहिले. पान कशाने लिहिले ते आपण वाचलेच आहे. माझी धाकटी जाऊ सही करण्यापलीकडे काही चुकलेली नाही. ती मला झाकते आहे. तिचे अक्षर वाईट आहे, पण तिने सोमवारी वर्गात हात वर केला होता, तो तिचा स्वतःचा होता. तिची जागा काढू नये. मागच्या पत्राला नाव नव्हते. या खेपेस घातले आहे. नावासाठी जागा कागदाच्या पुढच्या बाजूला, वरून पहिल्या रकान्यात होती, तिथे लिहिले. बाकीचे रकाने अजून रिकामे आहेत. पत्ता खाली दिला आहे, तिकीट सोबत आहे. उलट टपाली कळवावे ही विनंती."